साडूच्या काठचं पाणी

तळ्याच्या उगवतीच्या काठावर एक माणूस रोज सकाळी सातला जेवायची ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडतो आणि धक्क्यावर पालथा पडून तिच्याकडे टक लावून बघत राहतो. नवख्याला वाटतं, ह्याचं काहीतरी सटकलंय. पण गावात कुणालाही विचारा, “ते होय? ते आमचे ताटलीवाले,” असंच सांगतील. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही चटकन आठवत नाही म्हणतात.

ताटली एनॅमलची, पांढरी, मधे तीन भोकं पाडलेली. दोरीला दर वितीवर एक गाठ. ताटली खाली जाते, फिकी होते, आणि दिसेनाशी झाली की ताटलीवाले पाण्यात गेलेल्या गाठी मोजतात आणि फळ्यावर खडूनं लिहितात, ‘आज पाणी : इतक्या गाठी.’ पाच गाठी म्हणजे खुशाल पोहा. चार म्हणजे पोहा, पण काठाशी. चारच्या खाली गेलं की कुणी उतरायचं नाही. का, तर खाली गेलेलं पोर वरून दिसणार नाही. एवढंच शास्त्र. ते त्यांच्या सासऱ्यांनी काढलं आणि ताटलीसकट थोरल्या जावयाच्या हातात दिलं.

तळं म्हणाल तर मैलभर लांब, पण खोली नावाला. मधोमध उभं राहिलं तरी उंच माणसाची टोपी भिजायची नाही. एकदा एका पाहुण्याची होडी कलंडली. “बुडालो, बुडालो” म्हणून गडी दहा मिनिटं हातपाय झाडत होता. ताटलीवाल्यांनी धक्क्यावरून शांतपणे सांगितलं, “साहेब, उभे राहा.” साहेब उभे राहिले. पाणी कमरेला! साहेबांनी तशाच ओल्या अंगानं गाडी चालू केली ती पुन्हा काही ह्या बाजूला वळवली नाही.

तर सासऱ्यांना मुली दोन आणि तळ्याला काठ दोन. थोरला जावई म्हणून निवडीचा पहिला मान ह्यांचा. ह्यांनी क्षणाचाही विचार न करता उगवतीचा काठ घेतला. सरळ किनारा, पायाखाली घट्ट वाळू, दारापर्यंत डांबरी रस्ता. धाकट्याच्या वाट्याला मावळतीचा कोपरा आला : चिखल, लव्हाळी, बेडूक आणि पाण्यात जिकडेतिकडे माजलेलं गवत. ताटलीवाल्यांना तेव्हा साडूची मनापासून कीव आली होती. आठ दिवस टिकली ती कीव. पुढं पस्तीस वर्षांत तिची गरज पडली नाही.

कारण साडू नशीब घेऊन आला होता. गाव त्याला निवांतराव म्हणायचं. झाडाला झोळी बांधून दुपारभर पडायचं, टोपी तोंडावर, एक पाय बाहेर लोंबकळत, हा त्याचा कामधंदा. दोघांनी एकाच दिवशी एकाच दुकानातून एकाच मापाचे बूट घेतले. ह्यांचे चावले, त्याचे नाही. दोघांनी एकाच कुंडीतली गुलाबाची फांदी लावली. हे रोज पाणी घालायचे, तो घालायचं विसरला, आणि फुलं कुणाच्या दारात आली हे विचारूच नका. ताटलीवाल्यांनी ती फुलं मोजली होती. एकोणीस. माणूस मोजायच्या सवयीचा पडला, त्याला कोण काय करणार?

उलट ह्यांचं कष्टाचं काम बघा. सकाळी ताटली झाली की होडी काढायची, हातात लांब दांड्याचं दाताळं घ्यायचं आणि धक्क्यापासून अर्ध्या तळ्यापर्यंत पाण्यातलं गवत ओढून काढायचं. मुळासकट. रोज. तळाशी एक काडी राहिलेली त्यांना खपायची नाही. काठावर गवताचा ढीग लागायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवायचे, “बघा, स्वच्छता म्हणतात ती ही. पलीकडं जाऊन बघा, रान माजलंय नुसतं.”

आणि तरीसुद्धा दर उन्हाळ्यात ह्यांचं पाणी हिरवं व्हायचं. आजूबाजूच्या शेतांतलं खत, गावातलं सांडपाणी, सगळं उतारानं तळ्यात येतं. त्यावर बारीक शेवाळ पोसतं आणि पाणी असं गढुळतं की जणू कुणी रंगाचा कुंचला त्यात धुतलाय. मागच्या उन्हाळ्यात तर चार पोरांच्या अंगावर पुरळ उठलं आणि पोहण्याचा वर्ग मधेच बंद करावा लागला.

आता हा पोहण्याचा वर्ग म्हणजे ताटलीवाल्यांचा जीव की प्राण. सव्वीस उन्हाळे त्यांनी शाळेच्या पोरांना पोहायला शिकवलं. गावातला पोस्टमन त्यांच्या हातून शिकला, दातांचे डॉक्टर शिकले, ते अजूनही पाण्यात तोंड उघडत नाहीत. शाळेच्या मोठ्या बाईंना तर त्यांनी सातव्या वर्षी हनुवटीखाली हात धरून तरंगवलं होतं. बाजारातून जाताना माणसं “काय काका” म्हणून हाक मारायची ती त्या वर्गामुळं. नुसती होडी काय, कुणाकडंही असते.

त्याच मोठ्या बाई महिन्याच्या एक तारखेला धक्क्यावर आल्या. बरोबर पाणी तपासणाऱ्या बाई होत्या, हातात बाटल्यांची पेटी.

“काका, रागावू नका,” मोठ्या बाई म्हणाल्या, “पण पालकांनी धसका घेतलाय. यंदा वर्ग ज्या काठाला चार गाठी असतील तिथं भरेल. आज एकदा मोजायचं आणि पंधरा तारखेला पक्कं.”

“ज्या काठाला? काठ एकच आहे की वर्गाचा!”

“तसं नाही काका. पलीकडंही मोजतोय.”

पाणीवाल्या बाईंनी ताटली सोडली. अडीच गाठी. मग सगळे होडीतून पलीकडं गेले. निवांतराव झोळीत होते. त्यांनी टोपी उचलून “या, या” म्हटलं आणि टोपी परत ठेवली. बाईंनी त्यांच्या मोडक्या फळीवरून ताटली सोडली. एक गाठ, दोन, तीन, चार, पाच. ताटली हलत्या गवतामधून खाली गेली, तळाला टेकली आणि तिथून खुशाल चमकत राहिली. सहा गाठी. त्यापुढं मोजायला पाणीच नव्हतं.

ताटलीवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“ताटली पुसली होती का?” ते म्हणाले. “पुसली की जास्त दिसते.”

“ताटली तुमचीच आहे, काका.”

“मग ऊन. इकडं ऊन जास्त आहे.”

“सूर्य एकच आहे हो,” पाणीवाल्या बाई हसून म्हणाल्या. “ही सगळी गवताची करामत. पाण्यात खताचं जेवण येतंच आहे, ते आपण थांबवू शकत नाही. ते एक तर गवत खाणार, नाही तर शेवाळ. गवत असलं की ते स्वतः खातं, मुळांनी गाळ धरून ठेवतं, आणि शेवाळाला उपास. तुम्ही गवत मुळासकट उपटता, म्हणजे शेवाळाला ताट वाढून देता. वर उपटताना गाळ ढवळला जातो तो वेगळाच.”

“म्हणजे… रोज उपटलं म्हणून?”

“हो.”

“पस्तीस वर्षं?”

बाईंनी पेटी बंद केली.

आता विचार करा. माणसानं उन्हातान्हात हाताला घट्टे पडेस्तोवर राबावं आणि कुणीतरी येऊन सांगावं, की बाबा रे, तू राबलास म्हणूनच बिघडलं, आणि तो झोपला म्हणून त्याचं सुधारलं! ताटलीवाले घरी आले ते जेवलेच नाहीत. बायकोनं दोनदा हाक मारली.

“अहो, काय झालं?”

“काही नाही. तुझ्या बहिणीचा नवरा झोपलाय.”

“मग झोपू दे की! तुमच्या उशीवर झोपलाय का?”

“त्याच्या झोपेनं तळं स्वच्छ झालं म्हणे.”

बायकोला सगळं कळल्यावर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, “माझ्या बहिणीकडं काही बरं झालं की तुमच्या पोटात कळ येते. लग्नापासून बघतेय. तिच्या पडद्यांचा रंग उडाला नाही तेव्हापण तुम्ही दोन दिवस बोलला नव्हता.”

“ते पडदे आपल्याच ताग्यातले होते!” ताटलीवाले म्हणाले.

त्यांना मग डोळ्यांपुढं दिसायला लागलं : मावळतीच्या काठावर वीस पोरं रांगेत उभी आहेत, निवांतराव झोळीतून हात हलवतोय, आणि बाजारातून जाताना माणसं “काय काका” म्हणतायत ती त्याला. आणि हे दिसत असतानाच डोक्यात एक किडा वळवळला. गवत उपटलं की पाणी बिघडतं. बरोबर? मग साडूकडचं गवत उपटलं तर? पंधरा दिवस हातात होते. ऊन कडक होतं. आठ-दहा दिवसांत पाणी हिरवं होईल. आणि गंमत म्हणजे ह्यात वाईट काही दिसणारच नव्हतं. साडू साडूच्या मदतीला आला, त्याचा काठ साफ करून दिला. आभारच मानतील लेकाचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ताटलीवाले होडी घेऊन पलीकडं गेले. दाताळं आडवं ठेवलं होतं, दाते घासून लख्ख केलेले.

“साडूभाऊ!” निवांतराव चक्क झोळीतून उठले. “आज इकडं कुठं वाट चुकली?”

“म्हटलं, तुमच्याकडं वर्ग भरणार. पोरांच्या पायांत हे जंगल अडकायला नको. जरा साफ करून द्यावं.”

निवांतरावांचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्याला लाज वाटावी. “अहो, ऐकलं का! साडूभाऊ आलेत, आपला काठ साफ करायला! चहा टाक!”

मेहुणी पदराला हात पुसत बाहेर आली. “भाऊजी, किती हो मन मोठं तुमचं! ताई तर म्हणत होती तुम्ही फुगून बसलाय.”

“छे! मी कशाला फुगू?” ताटलीवाले म्हणाले आणि दाताळं पाण्यात घातलं.

गवत मऊ होतं, लांबच लांब, केसांसारखं. एकेक झुपका ओढला की मुळाशी काळा गाळ ढगासारखा उठायचा. तो ढग बघून ताटलीवाल्यांना इतकं बरं वाटलं की ते शीळ घालायला लागले. तासाभरात दोन खोल्या मावतील एवढी जागा मोकळी झाली. चहा आला, बरोबर बिस्किटं आली. मेहुणीनं चांगला, किनार न उडालेला कप काढला होता. ताटलीवाल्यांनी तो बघितला. त्यांच्या घरचे कप त्याच संचातले, पण सगळ्यांच्या किनारी उडालेल्या.

निवांतराव काठाशी घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून हे सगळं बघत होते. एकाएकी म्हणाले, “साडूभाऊ, एक सांगू? हसणार नाही ना?”

“सांगा की.”

“मला तुमचा फार हेवा वाटतो.”

ताटलीवाल्यांचं दाताळं थांबलं. “काय वाटतो?”

“हेवा हो. पहिल्यापासून. सासऱ्यांनी ताटली तुम्हाला दिली. मला काय दिलं? बेडूक. अख्खं गाव तुम्हाला ताटलीवाले म्हणतं, तुमचा फळा वाचून पाण्यात उतरतं. मला कोण विचारतं? बाजारात मला अजून ‘ते ताटलीवाल्यांचे साडू’ म्हणतात. निवांतराव म्हणतात ते तरी काय कौतुकानं? सकाळी तुम्ही होडीतून राबताना इथून दिसता. मी टोपी तोंडावर घेतो ती झोप येते म्हणून नाही. बघवत नाही म्हणून.”

“माझ्याकडं… बघवत नाही?”

“पोटात दुखतं माझ्या. हिला विचारा.”

“खरंय भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “तुम्ही नवी होडी रंगवली तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते हे.”

काय सांगावं महाराजा! पस्तीस वर्षांची आग, आणि त्यावर कुणी थंडगार घागर ओतावी तसं ताटलीवाल्यांना झालं. त्याला माझा हेवा! माझा! होडीच्या रंगाचा! कुठला रंग होता तो? निळा. निळाच होता. त्यांच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की ते लपवायला त्यांनी कपात तोंड घातलं. चहा संपला होता, तरी ते पीत राहिले.

“नवीन रंगवायचीच आहे ह्या वर्षी,” ते हळूच म्हणाले.

“बघा! म्हणजे परत मला त्रास.”

एवढं सुख पुरे होतं. आता इथून गुपचूप दाताळं उचलावं आणि घरी जावं, असं ताटलीवाल्यांच्या मनात आलं. दोन खोल्यांएवढी जागा काही फार नाही, तेवढ्यानं तळं बिघडत नाही. पण निवांतरावांच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे. त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि दाताळ्याला हात घातला.

“तुम्ही बसा. एवढं माझ्यासाठी केलंत, आता मीही जरा हात चालवतो. सगळा काठ मोकळा करतो, तुमच्यासारखा!”

“नको, नको, राहू द्या.”

“राहू द्या काय! आयुष्यभर राहूच दिलं.”

आणि तो माणूस, ज्यानं झोळी सोडून कधी काही ओढलं नव्हतं, तो दाताळं घेऊन असा सुटला की बघत राहावं. झुपके उडायला लागले. काळे ढगावर ढग उठायला लागले. ताटलीवाल्यांनी आधी “कंबर धरेल” म्हणून बघितलं. मग “ऊन लागेल” म्हणून बघितलं. मग “जेवायची वेळ झाली” म्हणाले, तेव्हा साडेदहा वाजले होते. निवांतराव घामाघूम होऊन हसत होते. “आता कळतंय साडूभाऊ, कामात काय मजा असते ती!”

त्या काळ्या पाण्याकडं बघता बघता ताटलीवाल्यांना दुसरं चित्र दिसलं. पंधरा तारखेला ताटली इथंही अडीच गाठींवर गडप होणार. इथंही वर्ग नाही, तिथंही नाही. वीस पोरं कोरडीच घरी. आणि ही एवढी माणसं, जी चांगल्या कपातून चहा देतात, ती आपल्याच हातानं उपटून घेऊन वर आपले आभार मानणार.

“थांबा!” ते ओरडले. “थांबा म्हणतो! उपटू नका ते.”

“का हो?”

“त्या गवतानंच तुमचं पाणी नितळ आहे. काल पाणीवाल्या बाईंनी सांगितलं. तुम्ही झोळीत होता, तुम्हाला ऐकू गेलं नाही. गवत गेलं की पाणी हिरवं होणार, माझ्यासारखं.”

“पण मग तुम्ही सकाळपासून…” निवांतराव म्हणाले आणि वाक्य तिथंच राहिलं.

“हो,” ताटलीवाले म्हणाले. “त्यासाठीच आलो होतो.”

मेहुणी पुढं आली, तिनं बिस्किटांची बशी उचलली, ह्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि आत निघून गेली. दार आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

निवांतराव गुडघाभर पाण्यात तसेच उभे. तिथूनच म्हणाले, “माझं पाणी बिघडवायला?”

“हो.”

“माझ्या पाण्याचा एवढा हेवा?”

“पाण्याचा. बुटांचा. गुलाबाचा. पडद्यांचासुद्धा,” ताटलीवाले म्हणाले. एकदा सांगायचंच तर मागे कशाला ठेवा!

निवांतरावांनी दाताळं काठावर टाकलं. चेहरा रागाचा होता, पण राग काही त्यावर नीट बसेना. खालून कुठून तरी दुसरंच काही वर येत होतं. “पडद्यांचा!” ते म्हणाले. मग पुन्हा, “गुलाबाचा!” आणि त्यांना असं हसू फुटलं की चिखलात बसायची वेळ आली. ताटलीवाल्यांना ते हसू ओळखीचं वाटलं. थोड्या वेळापूर्वी कपामागं त्यांनी स्वतः तेच लपवलं होतं.

“बरं, ऐका,” निवांतराव शेवटी म्हणाले. “हे मी फुकट सोडणार नाही. वर्ग इथं भरला तर शिकवायचं तुम्हीच. मी गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाही.”

“का?”

“पोहता येत नाही मला.”

“पस्तीस वर्षं तळ्यावर राहून?”

“विचारायची लाज वाटली हो. कुणाला विचारणार, तुम्हाला? त्यापेक्षा झोळी बरी.” ते उठले, विजारीचा चिखल झटकला. “तर पोरांच्या आधी मला शिकवायचं. ही भरपाई.”

पंधरा तारखेला पाणीवाल्या बाई आल्या. मधल्या दिवसांत गाळ खाली बसला होता. ताटली उगवतीला अडीच गाठींवर गेली, मावळतीला तळापर्यंत. मोकळ्या झालेल्या जागेकडं बघून बाई म्हणाल्या, “हे बरं केलंत, पोरांना पोहायला एवढी जागा लागतेच. पण आता ह्यापुढं एक काडीही नाही.” ताटलीवाल्यांनी मान डोलावली आणि आभाळाकडं बघितलं. उगवतीच्या काठाचं काय, असं त्यांनी हळूच विचारलं. “दाताळं ठेवून द्या,” बाई म्हणाल्या, “तीन-चार वर्षांत कदाचित गवत परत येईल.” मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं : वर्ग मावळतीला, शिक्षक तेच.

दाताळ्याचं प्रकरण कळल्यावर घरी बायको दोन दिवस भांड्यांशीच बोलत होती. मेहुणी ह्यांच्याशी बोलायला अजून तयार नव्हती. चहा आणायची, पण किनार उडालेल्या कपातून. ताटलीवाले तो मुकाट्यानं प्यायचे.

अठरा तारखेला सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, साडूभाऊंना पाण्यात उतरवायचं ठरलं. ताटलीवाल्यांच्या मनात बेत पक्का होता. हा माणूस घाबरणार, पाणी गिळणार, ओरडणार. आपण हनुवटी धरायची, धीर द्यायचा. निदान पंधरा दिवस लागणार. त्यांना स्वतःला सासऱ्यांनी सोळा दिवस तरंगायला शिकवलं होतं. अंग ताठ व्हायचं आणि कंबर दगडासारखी खाली जायची. सोळा दिवस रोज सकाळी सासऱ्यांचे टोमणे खाल्ले होते. तेव्हा आजचा दिवस आपला, असं म्हणत त्यांनी एक हात साडूच्या मानेखाली घातला, एक कमरेखाली.

“आता अंग सैल सोडा. घाबरू नका. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही…”

निवांतरावांनी अंग सोडलं. ती एक गोष्ट त्यांना शिकवावी लागली नाही. हात पसरले, डोळे मिटले, एक पाय जरा बाजूला लोंबकळला. ताटलीवाल्यांनी कमरेखालचा हात काढला. मग मानेखालचा काढला. नितळ पाण्यात तो माणूस ओंडक्यासारखा तरंगत होता आणि खालून गवत त्याच्या पाठीला गुदगुल्या करत होतं.

“सोडू नका हं,” निवांतराव डोळे न उघडता म्हणाले. “अजून किती दिवस लागतील साडूभाऊ?”

ताटलीवाले छातीभर पाण्यात दोन्ही हात वर करून उभे होते. काठावरून मेहुणी बघत होती, आणि दोन तारखेनंतर पहिल्यांदाच तिच्या ओठांचे कोपरे हलले.

“लागतील पंधराएक,” ताटलीवाले म्हणाले. “तुम्हाला जरा अवघडच जातंय.”